ओलिताची रसिकता आणि कोरडवाहू यीस्ट

घरच्या घरी बीअर आंबवू पाहणाऱ्या नवशिक्याने द्रवरूप यीस्ट घ्यावे की कोरडे, हा प्रश्न साहित्यविषयक लेखनाच्या कक्षेत येत नाही, असे प्रथमदर्शनी वाटेल. तो येतो, असे माझे म्हणणे आहे; कारण या प्रश्नाला आपल्याकडे जे उत्तर मिळते ते यीस्टची परीक्षा करून दिलेले नसते, शब्दांच्या छायेत बसून दिलेले असते. द्रवरूप यीस्ट म्हणजे जिवंत, अस्सल, चवीचे. कोरडे म्हणजे कारखान्यातले, अर्धमेले, तडजोडीचे, अशी ही मांडणी आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी हौशी मंडळींच्या बोलण्यात ती ऐकू येते, पाव आणि आंबवलेल्या पदार्थांविषयी मराठीत होणाऱ्या लेखनात ती डोकावते, आणि शब्द बदलून आपल्या समीक्षेच्या वर्गातही ती सुखेनैव नांदते. नवशिक्याने कोरडे यीस्टच घ्यावे, हे मला येथे प्रतिपादन करायचे आहे. आणि त्याला द्रवरूपाकडे ढकलणारा आग्रह रसिकतेतून येत नसून मक्तेदारीच्या सवयीतून येतो, हेही.

वाद सुरू करण्यापूर्वी दोन कुंपणे घातली पाहिजेत. पहिले कायद्याचे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि घरी, स्वतःपुरती, मित्रांसाठी केलेली बीअर त्यातून सुटत नाही. ब्रिटनमध्ये घरगुती बीअरसाठी लागणाऱ्या परवान्याची अट १९६३ साली गेली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने एक प्रौढ व्यक्ती असलेल्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बीअर करमुक्त करण्याची संघराज्याच्या पातळीवर मुभा मिळाली. तेव्हा पुढील विवेचनातला कृतीचा भाग तिकडच्या मराठी घरांसाठी आहे. विचाराचा भाग मात्र आपल्या सर्वांसाठी आहे.

दुसरे कुंपण नीतीचे. यवतमाळच्या शेजारचा वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. खुद्द यवतमाळ जिल्ह्यात बंदीची मागणी स्त्रियांनी वर्षानुवर्षे रेटून धरली आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांच्यासमोर मद्याचे गोडवे गाण्याचा निर्लज्जपणा मी करणार नाही. पण त्याच स्त्रियांच्या बाजूने एक भेद सांगावा लागेल. आंबवणे ही एक क्रिया आणि ऊर्ध्वपातन ही दुसरी. हातभट्टीची धार ही दुसऱ्या क्रियेची. घरची बीअर पहिल्या क्रियेपाशी थांबते. मुंबईत मालवणीला २०१५ साली शंभरावर माणसे दगावली ती मिथेनॉलमुळे. यीस्टने त्यांचा जीव घेतला नाही. मराठीत मात्र या सगळ्याला ‘दारू’ हा एकच शब्द आहे, आणि एका शब्दाखाली दोन वस्तू कोंबल्या की दोहोंविषयीचा विचार बिघडतो. या लेखाचा विषयही मुळात हाच आहे.

आता यीस्टकडे वळू. वीस लिटर साधी, मध्यम ताकदीची एल बीअर करायची, तर धान्याच्या गोड अर्कात पेरण्यासाठी साधारण १८० अब्ज जिवंत पेशी लागतात. मिलिलिटरमागे, साखरेच्या प्रत्येक प्लेटो अंशामागे साडेसात लाख पेशी हा प्रचलित ठोकताळा. बारा अंशांच्या अर्कासाठी गुणाकार केला की हा आकडा येतो. द्रवरूप यीस्टच्या नेहमीच्या पाकिटात ताजेपणी सुमारे १०० अब्ज पेशी असतात. अलीकडे काही उत्पादक अधिक देतात. शीतकपाटात ठेवूनही ही संख्या आठवड्यागणिक घटते, आणि सहाएक महिन्यांत पाकीट भरवशाचे राहत नाही. म्हणून द्रवरूप यीस्ट वापरणाऱ्याला आधी त्याची ‘वाढ’ करावी लागते: लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम माल्टची भुकटी उकळा, थंड करा, यीस्ट सोडा, एक-दोन दिवस हलवत ठेवा, मग खरे काम सुरू करा. या मधल्या टप्प्यात भांड्याची, झाकणाची, हाताची जराशी हयगय झाली की परके जंतू शिरतात, आणि वीस लिटरांचे श्रम मातीमोल होतात. शिवाय मुख्य अर्कात प्राणवायू खेळवावा लागतो, कारण वाढत्या पेशींना आपले आवरण बांधण्यासाठी तो हवा असतो.

कोरड्या यीस्टचे पाकीट अकरा-साडेअकरा ग्रॅमचे असते. शंभर लिटरमागे ५० ते ८० ग्रॅम हे उत्पादकांनी सांगितलेले प्रमाण धरले, तर वीस लिटरला दहा ते सोळा ग्रॅम होतात. म्हणजे साध्या बीअरला एक पाकीट पुरते. ते नीट साठवले तर दोन-तीन वर्षे टिकते. आधी वाढ करण्याची गरज नाही. पूर्वी ते कोमट पाण्यात फुलवून घेण्याचा दंडक होता. आज बहुतेक उत्पादक थेट अर्कावर भुरभुरण्यास संमती देतात. कारखान्यात भरपूर हवेत वाढलेल्या या पेशी आपली शिदोरी घेऊनच आलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या खेपेला प्राणवायूची खटपटही टळते. किंमत बहुधा कमी असते. टपालाने दोन दिवस उन्हात राहिले तरी ते एकाएकी दम तोडत नाही. शिकणाऱ्याला अपयशाचे कारण शोधायचे असते, तेव्हा ज्या गोष्टी बिघडू शकतात त्यांची संख्या कमी असणे हेच त्याच्या हिताचे. तापमान बिघडले की स्वच्छता, धान्य चुकले की पाणी, एवढे पाहतानाच त्याची दमछाक होते. त्यात ‘यीस्ट मेलेले होते की काय’ ही शंका भरीला घालण्यात शहाणपण नाही.

हे सगळे इतके सरळ असताना द्रवरूपाचा दबदबा आला कुठून? त्याला इतिहास आहे आणि तो तारखांसह सांगितला पाहिजे. घरगुती बीअरच्या संचातील डब्याच्या झाकणाखाली यीस्टची जी पुडी मिळे ती पूर्वी खरोखर वाईट असे. ती किती जुनी याचा पत्ता नसे, शुद्धतेची खात्री नसे, कोणत्या जातीची हेही पुष्कळदा लिहिलेले नसे. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये १९८६ साली वायीस्ट आणि सॅन दिएगोत १९९५ साली व्हाइट लॅब्ज या संस्था शुद्ध, नामनिर्देशित जातींचे द्रवरूप यीस्ट घेऊन आल्या, तेव्हा घरी बीअर करणाऱ्यांना नवे जग दिसले. त्या काळी ‘कोरडे टाळा’ हा सल्ला योग्य होता. पुढे कोरड्याच्या उत्पादकांनीही शुद्ध, नामनिर्देशित जाती दिल्या, वाळवण्याचे तंत्र सुधारले, आणि सल्ल्यामागचे कारण संपले. सल्ला मात्र उरला. कारण गेल्यावर उरलेला सल्ला हा रूढी होतो, आणि रूढी सांगणाऱ्याला नेहमी वाटत असते की आपण अभिरुची सांगत आहोत.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रकार ओळखीचा वाटला पाहिजे. एखाद्या काळातल्या एखाद्या वादात उच्चारलेले मत त्याच्या तारखेपासून तोडून आपण वर्गात ‘निकष’ म्हणून लिहून देतो. ते मत कोणाविरुद्ध, कोणत्या पुस्तकासंदर्भात, कोणत्या वर्षी मांडले गेले हे सांगत नाही. विद्यार्थी ते पाठ करतो, परीक्षेत लिहितो, आणि पुढे प्राध्यापक होऊन पुन्हा लिहून देतो. यीस्टच्या बाबतीत या आळसाची किंमत वीस लिटर बीअर एवढीच असते. समीक्षेत ती एका पिढीच्या वाचनाने चुकवली जाते.

परंतु मराठीत या रूढीला एक जादाचा आधार मिळाला आहे, आणि तो आपल्या विशेषणांचा आहे. मराठीत ‘ओला’ हा जवळजवळ नैतिक शब्द आहे. ओलावा म्हणजे माया. मन ओले झाले म्हणजे माणूस चांगला. उलट कोरडा म्हणजे निर्दय, पोकळ, वरवरचा: कोरडी सहानुभूती, कोरडे पांडित्य, कोरडा पाषाण. ज्या क्षणी आपण या दोन वस्तूंना ‘ओले यीस्ट’ आणि ‘कोरडे यीस्ट’ म्हटले त्या क्षणी निकाल लागून गेला. पुढचा युक्तिवाद म्हणजे आधी दिलेल्या निकालाची कारणे शोधणे.

हा भाषेचा पूर्वग्रह यवतमाळात बसून तर मुळीच स्वीकारता येत नाही. आमच्याकडे शेतीचे दोनच प्रकार: ओलिताची आणि कोरडवाहू. जिल्ह्यातले बहुतांश कापूस-तुरीचे रान कोरडवाहू आहे. कोरडवाहू शेतकरी कमी कष्टाळू, कमी जाणता किंवा कमी अस्सल असतो असे म्हणण्याची हिंमत येथे कोणी करणार नाही. त्याच्याजवळ पाण्याची हमी नाही, एवढाच फरक. द्रवरूप यीस्ट हे ओलिताचे पीक आहे. त्याला शीतसाखळी हवी, जवळ दुकान हवे, वेळ हवा, उपकरणे हवीत, एक घाण वाया गेली तरी दुसरी घालण्याची ऐपत हवी. ज्याच्याजवळ हे सगळे आहे त्याने खुशाल ओलीत करावे. पण विहीर असलेल्याने कोरडवाहू गड्याला ‘तू खरी शेती करत नाहीस’ असे सुनवावे, यात शेतीचे ज्ञान कमी आणि विहिरीचा माज अधिक आहे.

भाषेने दगा दिला तसा भाषेनेच मार्गही दाखवला असता, आपण नीट ऐकले असते तर. हे यीस्ट ‘कोरडे’ नाही, ते ‘वाळवलेले’ आहे. मराठीत या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. जे मुळातच ओलाव्याविना आहे ते कोरडे. जे जपण्यासाठी मुद्दाम, जाणीवपूर्वक सुकवले ते वाळवण. विदर्भातल्या कोणत्याही घरी उन्हाळ्यात कुरोड्या घालतात. गहू दोन-तीन दिवस भिजत ठेवून आंबवायचे, त्यांचा चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यातून पाडायचा आणि उन्हात वाळवायचा. आंबवणे आणि वाळवणे या दोन क्रिया येथे एकाच पदार्थात हातात हात घालून येतात. कुरोडी ही चिकाची निकृष्ट आवृत्ती आहे असे म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. यीस्टच्या पेशी ट्रेहॅलोज नावाची एक शर्करा साठवतात. पाणी निघून जात असताना ती पेशीच्या आवरणाचे रक्षण करते, आणि पाणी परत मिळताच पेशी कामाला लागते. म्हणजे वाळून टिकण्याची युक्ती कारखान्याने यीस्टवर लादलेली नाही. ती यीस्टच्या अंगचीच आहे आणि कारखान्याने तिचा उपयोग करून घेतला. बी वाळल्याशिवाय पेरणीपर्यंत टिकत नाही, हे ज्याला कळते त्याला यात नवल वाटू नये.

येथे परंपरावाद्यांचा मुख्य आक्षेप येतो. ओले विरजण ही आपली परंपरा, पुडी ही पाश्चात्त्य कारखानदारीची देणगी, असे ते म्हणतात. एक तर दह्याचे विरजण हा जिवाणूंचा कारभार आहे, यीस्टचा नव्हे. दोहोंना एकाच मायेच्या पांघरुणाखाली घेणे बरे नाही. दुसरे म्हणजे परंपरेची ही कहाणीच खोटी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात ‘किण्वबंधा’ची कृती दिली आहे: उडदाचा लगदा, कच्चा किंवा शिजवलेला, त्यात तांदूळ, त्यात मोरटादी वनस्पतींची ठरावीक मात्रा. ‘बंध’ हा शब्द ओतायच्या द्रवाला शोभणारा नाही. त्याच प्रकरणात किण्वाचे द्रव्य निवडण्याचे काम स्त्रियांनी आणि मुलांनी करावे असे म्हटले आहे, आणि कुटुंबातील कार्यप्रसंगी गृहस्थांना घरी श्वेतसुरा करण्याची सवलतही दिली आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात चोरीच्या दंडाची जी यादी येते, तीत सूत आणि कापूस यांच्या लगोलग किण्व येते, मग शेण, गूळ, दही, दूध. कापसाच्या जिल्ह्यात राहणाऱ्याने हे शेजारपण लक्षात ठेवण्याजोगे आहे: किण्व ही घरात साठवण्याची, मोल असलेली, चोरण्याजोगी वस्तू होती. चार्वाकांनी तर चैतन्याची उपपत्ती सांगताना याच किण्वाचा दृष्टान्त घेतला. जड द्रव्यांच्या संयोगातून मदशक्ती उपजते तसे चैतन्य उपजते, हा त्यांचा युक्तिवाद तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो.

ग्रंथ बाजूला ठेवू. झारखंड-बंगालच्या पट्ट्यात हंडिया आंबवण्यासाठी ‘रानू’च्या गोळ्या लागतात, तांदळाच्या पिठात मुळ्या-पाने कुटून वळलेल्या आणि वाळवलेल्या. मणिपुरात ‘हामेई’च्या चकत्या आहेत, नेपाळ-सिक्कीमकडे ‘मर्चा’ आहे. नॉर्वेच्या पश्चिम भागातील शेतकरी कुटुंबे आपले ‘क्वाइक’ लाकडी कड्यांवर घेऊन वाळवत आणि पुढच्या खेपेपर्यंत टांगून ठेवत. यात गंमत अशी की हे क्वाइक ३० ते ४० अंश तापमानातही नेटके काम करते, जेथे नेहमीच्या एल यीस्टला १८ ते २२ अंश लागतात. आणि आज ते वाळवलेल्या पुडीतही मिळते. उष्ण प्रदेशात राहणाऱ्या, खोली गार ठेवण्याची सोय नसलेल्या नवशिक्याला याहून सोयीचे यीस्ट क्वचितच सापडेल. तेव्हा वाळवलेले किण्व ही जगभरच्या गरीब, शेतकरी, आदिवासी घरांची परंपरा आहे. ओल्या, प्रयोगशाळेत पोसलेल्या, शीतकपाटात जपलेल्या शुद्ध जाती ही त्या मानाने अगदी अलीकडची, १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हॅन्सन यांनी एका पेशीपासून शुद्ध वंश वाढवला तेव्हापासूनची गोष्ट आहे. परंपरेच्या नावाने द्रवरूपाचा कैवार घेणाऱ्यांनी परंपरा आणि आधुनिकता यांच्या पाट्या उलट्या लावल्या आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आमच्या भागातला आहे. पुडी म्हणजे परावलंबन, असे म्हणतात. २००२ साली बीटी कापसाला मान्यता मिळाली. त्याचे संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. घरचे सरकीचे बी राखण्याची रीत मोडली. पुढचे कर्ज, कीटकनाशके आणि २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने झालेले मृत्यू आपण पाहिले. मग नवशिक्याला पुन्हा पुडीच्या दारात का उभे करता? हा प्रश्न विचारणाऱ्याविषयी मला आदर आहे, पण साम्य फसवे आहे. संकरित कापसाचे बी पुढच्या हंगामी पेरले तर गुण विखुरतात, म्हणून शेतकरी दुकानात परत जातो. यीस्ट कळ्या फुटून वाढते. लेकीत आणि आईत फरक पडत नाही. ते बियाण्यापेक्षा कलमासारखे आहे. पुडीतले यीस्ट एकदा आंबवून झाले की तळाशी जो गाळ बसतो तो स्वच्छ बाटलीत काढून ठेवा. पुढच्या खेपेला तोच पेरा. तिथून पुढे ते द्रवरूपच झाले, आणि तेही स्वतः वाढवलेले. पुडीने विकत घेतले ते पहिले पाऊल. पुढची पावले ज्याची त्याची. काही खेपांनंतर गुण ढळू लागले तर नवी पुडी घ्यावी, एवढेच. परावलंबन पाहायचे असेल तर ज्या वस्तूला दुकानापासून भांड्यापर्यंत बर्फाची साथ लागते तिच्याकडे पाहावे.

तिसरा आक्षेप चवीचा. गोव्याच्या पावाचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते. तेथील पदेर पूर्वी माडाच्या सुरेने, म्हणजे ताज्या ताडीने, पीठ आंबवीत. आता बाजारातले यीस्ट आले आणि चव गेली, अशी हळहळ असते. हळहळ खरी आहे. सुरेतल्या मिश्र किण्वांनी येणारा आंबूस-गोड दरवळ एका शुद्ध जातीच्या पुडीने येत नाही, हे मान्यच करावे लागेल. पण ही सूर माडावरून आपोआप उतरत नव्हती. दिवसातून दोन-तीन वेळा रेंदेर माडावर चढे तेव्हा ती मिळे. आज रेंदेरांची मुले त्या कामाला जात नाहीत, आणि त्यांनी जावे असे सांगण्याचा अधिकार पाव खाणाऱ्यांना नाही. ज्या चवीसाठी दुसऱ्याने माडावर चढले पाहिजे, त्या चवीविषयी लिहिताना चढणाऱ्याचा उल्लेख गाळणे ही आपल्या स्मरणरंजनाची जुनी खोड आहे. गावाकडच्या जात्याच्या आवाजावर भरभरून लिहिणाऱ्यांनी दळणारीच्या खांद्याविषयी किती लिहिले, याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात हीच गोष्ट मोहाच्या बाबतीत दिसते. पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव, घाटंजीच्या पट्ट्यात गोंड आणि कोलाम समाजासाठी मोह हे अन्नाचे, तेलाचे आणि पूजेचे झाड आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे पडलेली फुले वेचायची आणि वाळवायची. वाळवल्याशिवाय मोह साठत नाही आणि साठल्याशिवाय त्याची कशातही गणती होत नाही. म्हणजे येथेही सगळा व्यवहार वाळवणाचा. या फुलांचे संकलन आणि साठवण यांवरचे निर्बंध शासनाने २०२१ साली उठवले, तोवर घरात फुले ठेवणे हीच संशयाची बाब होती. आणि भाषा? कारवाईच्या बातम्यांत आंबवणासाठी एकच शब्द येतो: ‘सडवा’. शहरात, काचेच्या भांड्यात, परवान्यासह जे घडते ते ‘किण्वन’. रानात, मडक्यात घडते ते सडणे. रासायनिक क्रिया एक आहे, करणारे सूक्ष्मजीव तेच आहेत, शब्द मात्र जातीप्रमाणे बदलतो. नवसागर घालून केलेल्या विषारी हातभट्टीचे समर्थन मला करायचे नाही, आणि बेकायदा धंद्याला मी संस्कृती म्हणणार नाही. परंतु एका ज्ञानाला नावच कुजण्याचे द्यायचे, आणि तेच ज्ञान परदेशातून बाटलीत बंद होऊन आले की त्याला कलेचा दर्जा द्यायचा, हा दुटप्पीपणा मराठीच्या शिक्षकांनी तरी निमूट वापरू नये.

आता द्रवरूपाचे जे न्याय्य आहे ते त्याला देऊ. त्यात जातींची विविधता मोठी आहे. बेल्जियन मठांच्या परंपरेतील काही बीअर, जर्मन गव्हाच्या बीअरचे काही बारकावे, ब्रेटॅनोमायसिससारखी रानटी किण्वे, मिश्र संवर्धने, या वाटांनी जायचे तर पुष्कळदा द्रवरूपाशिवाय गत्यंतर नाही, कारण सगळ्याच जाती वाळवणे सोसत नाहीत. ज्याने आठ-दहा खेपा केल्या, ज्याला आपल्या स्वच्छतेचा भरवसा आला, ज्याला दोन यीस्टमधला फरक स्वतःच्या जिभेने सांगता येतो, त्याने द्रवरूपाकडे अवश्य वळावे. तेव्हा त्याच्याजवळ निवडीला कारण असेल. माझा विरोध द्रवरूपाला नाही. कारण हाती येण्यापूर्वीच निवड करायला लावणाऱ्या दडपणाला आहे. साध्या धान्याची, एका ओळखीच्या जातीच्या वाळवलेल्या यीस्टची, तापमान सांभाळून केलेली वीस लिटर बीअर नीट साधली, तर पुढचे सगळे शिकता येते. ती न साधता ‘जिवंत’ यीस्टचे नाव घेणाऱ्याला फार तर शब्द शिकता येतात.

आणि येथेच हा प्रश्न आमच्या वर्गात येऊन बसतो. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘टीकास्वयंवर’नंतर ‘देशी’ हा शब्द आपल्या समीक्षेत पक्का रुजला. त्या भूमिकेशी गंभीर वाद होऊ शकतो, आणि तिच्या वजनामुळेच तो व्हावा. पण तिच्या आडोशाने जी सोपी विशेषणे फोफावली, मातीतले, ओले, जिवंत, मुळांतून आलेले, त्यांना वादाची गरजच उरलेली नाही. ग्रामीण भागातून आलेला, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेला विद्यार्थी एम.ए.च्या वर्गात बसतो, तेव्हा त्याला व्याकरण, छंद, कालक्रम, संज्ञांच्या नेमक्या व्याख्या या ‘कोरड्या’ गोष्टी हव्या असतात. त्या टिकतात, जवळ बाळगता येतात, परीक्षेनंतरही फुलतात. आपण त्याला सांगतो की साहित्य हा अनुभवाचा, ओलाव्याचा विषय आहे, चौकटीत बसवू नकोस. ज्याच्या घरी पुस्तकांची भिंत आहे त्याला हा उपदेश परवडतो. त्याची विहीर घरातच आहे. कोरडवाहू विद्यार्थ्याच्या हाती मात्र दोन वर्षांनंतर काही विशेषणे राहतात, आणि ती शीतकपाटाबाहेर फार दिवस टिकत नाहीत.

त्याला वाळवलेले ज्ञान द्यावे: मोजलेले, नाव लिहिलेले, तारीख घातलेले. त्यात पाणी तो घालील. ते फुलून आल्यावर त्याला वाटेल त्या मिश्र, रानटी, ओल्या किण्वांकडे त्याने जावे, आणि तेव्हा आपण त्याला अडवू नये. तूर्त, परदेशी निघालेला एखादा माजी विद्यार्थी घरी बीअर करण्याच्या छंदाविषयी विचारू लागला, तर मराठीच्या प्राध्यापकाने तेथील कायदा आधी पाहण्यास सांगावे आणि मग बिनदिक्कत उत्तर द्यावे: वाळवलेले घे, पाकिटावरची तारीख वाच, भांडी उकळून घे, आणि पहिल्या खेपेचा गाळ फेकू नकोस.